छ्विमिगा म्वॉयेयो? कोरियनमध्ये आपल्या छंदांबद्दल बोलताना

कोरियन शिकायला लागून महिना-दीड महिना झाला, की स्वतःची ओळख करून द्यायची वेळ येते. तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘जे छ्विमिनुन छेगुल इल्गॉयो.’ बोलणाऱ्याला सांगायचं असतं की मला वाचनाचा छंद आहे. कोरियन माणसाला मात्र ऐकू येतं, ‘माझा छंद पुस्तक वाचतो.’

शब्द सगळे बरोबर आहेत. ‘जे’ म्हणजे माझा, ‘छ्विमि’ म्हणजे छंद, ‘छेक’ म्हणजे पुस्तक, ‘इल्गॉयो’ म्हणजे वाचते किंवा वाचतो. चुकला आहे तो फक्त सांधा. ‘माझा छंद वाचते’ असं मराठीत कुणी म्हणेल का? आपण न चुकता ‘वाचणं’ म्हणतो. क्रियापदाचं नाम करायची ही सवय आपल्याला लहानपणापासून आहे, पण कोरियन शिकताना ती वापरायचं सुचत नाही, कारण आपण मराठी बाजूला ठेवून इंग्रजीतून विचार करत असतो. बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ इंग्रजीतले असतात, म्हणून आपणही तोच वळसा घेतो.

माझं म्हणणं असं, की छंदांचा हा धडा तरी मराठीतून शिकावा. वाक्याचा क्रम आपलाच आहे: आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. प्रत्यय आपल्यासारखेच शब्दाच्या मागे लागतात. आदरार्थी बोलणं काय असतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मराठी चुकीच्या वाटेला नेते अशा एक-दोन जागा आहेत, त्याही पुढे येतील.

आधी उच्चारांचं थोडं. इथे कोरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत, पण ही तात्पुरती सोय समजा. राजा सेजोङच्या काळात तयार झालेली आणि १४४६ साली लोकांसमोर आलेली हांगुल लिपी आठवडाभरात वाचता येऊ लागते. ती आधी शिकून घ्या. देवनागरीतला ‘ऑ’ इथे ‘डॉक्टर’मधल्यासारखा म्हणायचा. ‘ङ’ म्हणजे ‘वाङ्मय’मधला. ‘नुन’, ‘उल’ यांतला ‘उ’ ओठांचा चंबू न करता, ओठ दोन्हीकडे ताणून म्हणायचा. त्यासाठी आपल्याकडे अक्षर नाही. ‘ज’ नेहमी ‘जीवन’मधला, ‘जाळं’मधला कधीच नाही. ‘जॉनुन’ म्हणजे ‘मी’. तो ‘जाळं’मधल्या ‘ज’ने म्हटला तर कोरियन कानाला खटकतो. शब्दाच्या सुरुवातीला हा ‘ज’ थोडा ‘च’कडे झुकतो, तसाच ‘ग’ ‘क’कडे आणि ‘द’ ‘त’कडे. ‘फ’ म्हणताना ओठ मिटले पाहिजेत, ‘फूल’ जुन्या पद्धतीने म्हणतो तसे. दात खालच्या ओठावर टेकवून म्हटलेला फ कोरियनमध्ये नाहीच. ख, थ, फ, छ हे महाप्राण इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार छळतात. आपल्याला ते आयते मिळाले आहेत.

आता ‘छ्विमि’ हा शब्द. तो मूळचा चिनी लिपीतल्या दोन अक्षरांचा. पहिल्याचा अर्थ गोडी, ओढ. दुसऱ्याचा अर्थ चव. म्हणजे आपली ‘रुची’ जशी जिभेचीही असते आणि मनाचीही, तसाच हा शब्द आहे. ‘हुङमि’ म्हणजे एखाद्या विषयातला रस, आणि त्यातही तोच चवीचा ‘मि’ आहे. मला हे जुळणं फार आवडतं.

प्रश्न साधा आहे: ‘छ्विमिगा म्वॉयेयो?’ म्हणजे छंद काय आहे? ‘गा’ हा कर्त्याचा प्रत्यय, ‘म्वॉ’ म्हणजे काय. जरा अदबीने विचारायचं तर ‘छ्विमिगा ऑत्तॉखे द्वेसेयो?’ याचा शब्दशः अर्थ ‘छंद कसा होतो?’ असा विचित्र निघतो, पण नाव, वय, फोन नंबर असं काहीही नम्रपणे विचारायची ही रूढ पद्धत आहे. ती जशीच्या तशी पाठ करावी.

या दोन्ही प्रश्नांत ‘तुमचा’ हा शब्द नाही, आणि तो घालायचाही नाही. शब्दकोशात ‘तुम्ही’साठी ‘दाङशिन’ सापडतं आणि नवशिके ते भाबडेपणाने वापरतात. प्रत्यक्षात समोरासमोर ‘दाङशिन’ म्हणतात ते नवरा-बायको, किंवा रस्त्यावर भांडणारी माणसं. नवीन ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारायची आणि पुढे ‘स्सी’ जोडायचं: ‘मिन्जी स्सीनुन छ्विमिगा म्वॉयेयो?’ हे ‘स्सी’ साधारण आपल्या ‘मिन्जीताई’, ‘मिन्जी मॅडम’ यांच्या जागी बसतं, पण वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला ते पुरत नाही. शिक्षकांना ‘सॉन्सेङनिम’ म्हणायचं, दुसरं काही नाही.

उत्तर तीन तऱ्हांनी देता येतं. पहिली सगळ्यात सोपी: सरळ नाम ठेवायचं. ‘जे छ्विमिनुन दोक्सॉयेयो’, म्हणजे माझा छंद वाचन. ‘योरि’ स्वयंपाक, ‘सुयॉङ’ पोहणं, ‘यॉहेङ’ प्रवास, ‘दुङसान’ डोंगर चढणं. शब्द स्वराने संपला तर ‘येयो’, व्यंजनाने संपला तर ‘इएयो’: योरियेयो, पण सुयॉङ-इएयो. यांतले बरेच शब्द चिनी मुळाचे आहेत आणि कोरियनमध्ये त्यांना तोच मान आहे जो मराठीत संस्कृत शब्दांना. आपण बोलताना ‘पुस्तकं वाचते’ म्हणतो, पण लग्नाच्या बायोडेटात ‘छंद: वाचन, प्रवास, संगीत’ लिहितो. कोरियन माणूसही तसंच करतो. फॉर्मवर तो ‘उमाक गाम्साङ’ लिहितो. ‘उमाक’ म्हणजे संगीत आणि ‘गाम्साङ’ म्हणजे आस्वाद. ‘यॉङ्ह्वा गाम्साङ’ म्हणजे चित्रपटांचा आस्वाद. मैत्रिणीशी गप्पा मारताना कुणी ‘गाम्साङ’ म्हणालं तर ते ‘मी संगीत श्रवण करते’ म्हटल्यासारखं वाटतं.

दुसरी तऱ्हा ‘गि’ची. शब्दकोशातलं क्रियापद ‘दा’ने संपतं. तो ‘दा’ काढायचा आणि ‘गि’ लावायचा. ‘योरिहादा’चं ‘योरिहागि’, ‘गुरिदा’चं ‘गुरिगि’. हे आपलं ‘-णं’: करणं, काढणं. ‘जे छ्विमिनुन गुरिम गुरिगियेयो’, माझा छंद चित्रं काढणं. सुरुवातीचं चुकलेलं वाक्यही इथेच दुरुस्त होतं. ‘इल्गॉयो’च्या जागी ‘गि’ लावलेलं रूप आलं, की झालं.

तिसरी तऱ्हा रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त कानावर पडते: ‘नुन गॉत’. ‘गॉत’ म्हणजे गोष्ट. क्रियापदाला ‘नुन’ लावून पुढे ‘गॉत’ ठेवायचं. ‘यॉङ्ह्वा बोनुन गॉसुल जोआहेयो’, म्हणजे मला सिनेमे बघायला आवडतं. बोलताना ‘गॉसुल’चं ‘गॉल’ होतं: ‘यॉङ्ह्वा बोनुन गॉल जोआहेयो’. घाईत नुसतं ‘गॉ’ उरतं. ‘गि’ आणि ‘नुन गॉत’ कुठे वापरायचं यावर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. सुरुवातीला एवढं पुरतं: छंदाचं नाव सांगताना ‘गि’, आवड सांगताना ‘नुन गॉत’.

इथे एक अडचण येते आणि मराठी तिच्यातून सोडवते. ‘दुत्ता’ म्हणजे ऐकणं. त्याच्या धातूला ‘नुन’ लावला की लिहिताना ‘दुत-नुन’ राहतं, पण बोलताना ‘दुन्नुन’ होतं. ‘इक्ता’, म्हणजे वाचणं, याचं ‘इङ्नुन’ होतं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा नियम तक्ता काढून पाठ करावा लागतो. आपण शाळेत व्यंजनसंधी शिकलो आहोत. जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ, वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय. त् पुढे न आला की त्याचा न होतो, क् पुढे अनुनासिक आलं की त्याचा ङ होतो. कोरियनमध्ये अगदी हेच घडतं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वहीत ‘जगन्नाथ’ लिहून त्याच्याभोवती चौकोन काढला होता. त्यानंतर हा नियम मी कधी विसरले नाही.

आता आवडण्याबद्दल, कारण मराठी इथेच पहिल्यांदा वाट चुकवते. आपण ‘मला’ संगीत आवडतं म्हणतो. कोरियनमध्ये ‘मला’साठी प्रत्यय आहे, पण तो इथे लावायचा नाही. ‘जॉनुन उमागुल जोआहेयो.’ ‘जॉनुन’ म्हणजे मी, ‘उमागुल’ म्हणजे संगीताला. शब्दशः ‘मी संगीताला पसंत करते.’ आपल्याला जास्त जवळचं दुसरं एक रूप आहे: ‘जॉनुन उमागि जोआयो.’ इथे संगीत हा कर्ता आहे आणि ‘जोआयो’ म्हणजे ‘चांगलं वाटतं’, म्हणजे जवळजवळ आपलंच ‘आवडतं’. मग हेच वापरावं ना? स्वतःबद्दल बोलताना खुशाल वापरा. पण तिसऱ्या माणसाबद्दल ‘मिन्जी स्सीनुन उमागि जोआयो’ म्हटलं की वाक्य अडखळतं. दुसऱ्याच्या मनात काय चांगलं वाटतंय हे आपण आतून सांगू शकत नाही. बाहेरून दिसतं ते तिचं वागणं. म्हणून तिच्याबद्दल ‘जोआहेयो’च. भाषेने दुसऱ्याच्या मनाचा दरवाजा असा अलगद लोटून घेतलाय, हे मला कोरियनमधल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

दुसरी फसवी जागा ‘खेळणं’. मराठीत क्रिकेट खेळतात, पत्ते खेळतात, लपंडावही खेळतात. शब्दकोशात ‘खेळणं’साठी ‘नोल्दा’ सापडतं, आणि मग ‘क्रिकेट नोरायो’ असं वाक्य तयार होतं. ‘नोल्दा’ म्हणजे लहान मुलांचं बागडणं, किंवा मोठ्यांनी मित्रांबरोबर निवांत वेळ घालवणं. क्रिकेट ‘करायचं’ असतं: ‘खुरिखेसुल हेयो’. फुटबॉल ‘छुक्कुरुल हेयो’. हे ‘हेयो’ म्हणजे ‘हादा’चं बोलतं रूप, आपलं ‘करणे’. व्यायाम करणं, स्वयंपाक करणं, खरेदी करणं असं आपण नामाला ‘करणे’ जोडतो, तसंच ‘उनदोङ-हेयो’, ‘योरिहेयो’, ‘श्योफिङ-हेयो’. नव्या शब्दाला काय जोडावं कळेना तर ‘हेयो’ जोडा. दहातल्या सहा वेळा तरी निभावतं.

उरलेल्या वेळा मात्र हाताकडे बघावं लागतं. मराठी सगळ्या वाद्यांना ‘वाजवणे’ म्हणून मोकळी होते. कोरियन भाषा विचारते, हात नेमकं काय करतोय? पियानोवर, गिटारवर, ढोलावर बोटं किंवा काठी आपटते, म्हणून ‘छिदा’, मारणं. ‘गिथारुल छॉयो’, गिटार वाजवते. बॅडमिंटन, टेनिस, गोल्फ इथेही रॅकेटचा किंवा काठीचा फटका आहे, म्हणून तेही ‘छॉयो’. आणि ‘ह्वाथु’ नावाचे तिथले फुलांच्या चित्रांचे पत्तेही ‘छिदा’नेच खेळतात, कारण पत्ता खाली सणकन आपटायचा असतो. आपल्याकडेही दुपारभर ‘पत्ते कुटत’ बसतातच की. व्हायोलिनवर गज ओढतात, त्याला वेगळं क्रियापद: ‘ख्यॉयो’. बासरी फुंकतात: ‘बुरॉयो’. सायकल आणि स्की यांवर स्वार होतात: ‘थायो’, म्हणून सायकल चालवणं म्हणजे ‘जाजॉन्गॉरुल थायो’. फोटो ‘ज्जिगॉयो’, म्हणजे ठसा उमटवायचा. ‘बादुक’ हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ. २०१६ साली सोलमध्ये कोरियन खेळाडू ली सेदोल अल्फागो या संगणक-प्रोग्रामकडून ४–१ असा हरला, तो हाच खेळ. त्यात सोंगटी पटावर ठेवायची असते, म्हणून ‘बादुगुल द्वॉयो’.

हे सगळं एका दिवसात लक्षात राहणार नाही, आणि राहायची गरजही नाही. तुम्ही स्वतः जे वाजवता किंवा खेळता, तेवढ्याचंच क्रियापद पक्कं करा. तबला वाजवत असाल तर ‘छॉयो’, बासरी असेल तर ‘बुरॉयो’. वाद्य कुठल्या गटात बसतं ते कळेना तर ‘यॉन्जुहेयो’ म्हणा. तो सर्व वाद्यांना चालतो, फक्त थोडा औपचारिक वाटतो. नाच आणि चित्र यांत नाम आणि क्रियापद एकाच घरचे आहेत: ‘छुमुल छ्वॉयो’, ‘गुरिमुल गुर्यॉयो’. गाणं गाणं, नाच नाचणं म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

छंद सांगितला की पुढचा प्रश्न येतो: मग येतं का छान? इथे आपलं पारडं पुन्हा जड आहे. ‘मी पोहू शकते’ आणि ‘मला पोहता येतं’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आज तलाव उघडा आहे, माझी तब्येत बरी आहे, तर मी पोहू शकते: ‘सुयॉङहाल सु इस्सॉयो’. लहानपणी विहिरीत शिकले, म्हणून मला पोहता येतं: ‘सुयॉङहाल जुल आरायो’. ‘आरायो’ म्हणजे माहीत आहे, म्हणजे पोहण्याची रीत माहीत आहे. मराठीत या दोन रूपांची सरमिसळ होते, तशी कोरियनमध्येही ‘सु इस्सॉयो’ कौशल्यासाठी चालतं. उलट मात्र चालत नाही. तलाव बंद असेल तेव्हा ‘जुल मोल्लायो’ म्हणायचं नाही. त्याचा अर्थ होईल, मला पोहायला येतच नाही.

स्वतःबद्दल ‘जालहेयो’, म्हणजे मी छान करते, असं सहसा म्हणत नाहीत. ‘जोआहाजिमान जाल मोथेयो’, आवडतं पण नीट येत नाही, हे उत्तर कोरियन माणसाला सहज वाटतं. कौतुक झालं तर ‘आनियेयो’, छे हो. पूर्वापार कोरियन फॉर्मांवर ‘छ्विमि’ आणि ‘थुक्की’ असे दोन रकाने शेजारी शेजारी असायचे. ‘थुक्की’ म्हणजे ज्यात हातखंडा आहे ते. आवड आणि हातखंडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे गृहीतच आहे.

किती वेळा, हे पटकन उरकू. ‘मेइल’ रोज, ‘जाजु’ वरचेवर, ‘गाक्कुम’ कधीकधी. आठवड्यातून दोनदा म्हणजे ‘इल्जुइरे दु बॉन’, महिन्यातून एकदा म्हणजे ‘हान दारे हान बॉन’. ‘वेळा’ मोजताना देशी आकडे वापरायचे: हान, दु, से. चिनी मुळाचे इल, इ, साम इथे चालत नाहीत.

टॉपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेचा पहिला टप्पा द्यायचा असेल तर एवढं व्याकरण चांगलं उपयोगी पडतं. त्यात ऐकण्याचे ३० आणि वाचण्याचे ४० प्रश्न असतात, एकूण गुण २००. ८० मिळाले तर पहिली पातळी, १४० मिळाले तर दुसरी. लेखन नाही. दोन छोटी वाक्यं देऊन ‘हे कशाबद्दल आहे?’ असं विचारणारे प्रश्न असतात, आणि छंद हा त्यांच्या नेहमीच्या विषयांपैकी एक.

कोरियात प्रत्यक्ष काय ऐकू येतं? डोंगर. देशाचा साधारण ७० टक्के भाग डोंगराळ आहे. सोलच्या उत्तरेला बुखान्सान राष्ट्रीय उद्यान आहे. तिथलं बेगुन्दे शिखर ८३६ मीटरचं, आणि शहरातून मेट्रोने पायथ्यापर्यंत जाता येतं. शनिवारी सकाळी डब्यात रंगीत जॅकेटं आणि पाठपिशव्या घेतलेले आजी-आजोबा दिसतात. उतरल्यावर ‘माक्कॉल्लि’, म्हणजे तांदळाची पांढरट दारू, आणि ‘फाजॉन’, म्हणजे पातीच्या कांद्याचं धिरडं, खायची रीत आहे. सह्याद्रीत गड चढून खाली येऊन पिठलं-भाकरी खाणाऱ्या माणसाला ‘दुङसान’ काय असतं ते वेगळं सांगायला नको. जेजू बेटावरचा हाल्लासान १९४७ मीटरचा आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा ३०१ मीटर उंच. संभाषणात हे सांगितलं तर पुढची दहा मिनिटं सहज निघतात.

घरात किंवा शहरात रमणाऱ्यांसाठी ‘बाङ’, म्हणजे खोली, हा शब्द महत्त्वाचा. ‘नोरेबाङ’ म्हणजे गाण्याची खोली. मित्रांनी खोली भाड्याने घेऊन मनसोक्त गायचं. १९९१ साली बुसानमध्ये सुरू झालेला हा प्रकार पुढे देशभर पसरला. ‘फिसिबाङ’ म्हणजे संगणकावर खेळायची खोली. ‘मान्ह्वाबाङ’ म्हणजे चित्रकथा वाचायची खोली. समान छंदाच्या लोकांच्या गटाला ‘दोङहोह्वे’ म्हणतात, कॉलेजात असला तर ‘दोङारि’. आणि एखाद्या गायकाच्या किंवा मालिकेच्या मागे वेड्यासारखं लागणं, त्याला ‘दॉक्जिल’. हा शब्द मित्रांतला आहे, मुलाखतीत वापरू नये.

छंद का आवडतो, हे सांगायला नवशिक्यांजवळ एकच शब्द असतो: ‘जेमिइस्सॉयो’, मजा येते. त्याच्या जोडीला हे एक वाक्य ठेवा: ‘सुथुरेसुगा फुल्ल्यॉयो’. ‘फुल्लिदा’ म्हणजे गाठ सुटणं. ताण सुटतो. शब्दाला शब्द लावून मराठी होतं.

आता हे सगळं एकत्र ऐकू.

मिन्जी विचारते: ‘अनघा स्सीनुन जुमारे बोथोङ म्वॉ हासेयो?’ शनिवार-रविवारी साधारण काय करता? खऱ्या आयुष्यात ‘छ्विमिगा म्वॉयेयो?’पेक्षा हा प्रश्न जास्त विचारतात, कारण तो मुलाखतीसारखा वाटत नाही.

अनघा: ‘जॉनुन दुङसानुल जाजु गायो. साने गाम्यॉन सुथुरेसुगा फुल्ल्यॉयो.’ मी वरचेवर डोंगरात जाते. डोंगरात गेलं की ताण सुटतो.

मिन्जी: ‘जॉदो जोआहेयो! ऑल्माना जाजु गासेयो?’ मलाही आवडतं! किती वेळा जाता? मिन्जी ‘गासेयो’ म्हणाली, ‘गायो’ नाही. ‘से’ हा आदराचा तुकडा, ‘जाता’मधला आदर. उत्तर देताना अनघाने तो स्वतःला लावायचा नाही.

अनघा: ‘हान दारे दु बॉन जॉङ्दो गायो.’ महिन्यातून साधारण दोनदा.

मिन्जी: ‘गुरॉम दाउमे गाछि गायो.’ मग पुढच्या वेळी सोबत जाऊ.

हे ‘दाउमे’ नीट ऐका. आपल्याकडे ‘या एकदा घरी’ म्हणतात, तसं ते आहे. त्यात आपुलकी खरी असते, पण तारीख नसते. अनघाला खरोखर सोबत जायचं असेल, तर तारीख तिनेच घालायला हवी: ‘इबॉन जुमाल ऑत्तेयो?’ येत्या शनिवार-रविवारी कसं?